आधी ऊब, मग घास: पोपटाच्या एका पिल्लाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावातलं हे प्रकरण. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, आणि शेताच्या धुऱ्यावरच्या जुन्या मोहाची ढोली असलेली फांदी रात्रीतून मोडली. सकाळी फांदीजवळ पोपटाची तीन पिल्लं सापडली. एक मेलेलं होतं. उरलेली दोन घरातल्या धाकट्या सुनेनं पदरात घालून घरी आणली. त्यातलं एक त्याच संध्याकाळी गेलं. तिसरं चार दिवसांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझ्या टेबलावर आलं. कपाशीच्या बियाण्याचा रिकामा खोका, त्यात घरच्या कापसाची जाड गादी, आणि गादीत मान टाकून पडलेलं पिल्लू.

आपल्याकडच्या पोपटाचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. नेमक्या त्याच महिन्यांत अवकाळी येतो, धुऱ्यावरची वाळकी झाडं तोडली जातात, आणि पिल्लं माणसांच्या हाती लागतात. ज्याच्या हाती लागतं तो त्या कामात नवखाच असतो. पोपटाचं पिल्लू वाढवायची सवय असलेलं घर सहसा नसतं, आणि असलं तर त्या घराकडे वेगळ्या कारणासाठी बघावं लागतं.

आधी घरी काय झालं ते. दुसऱ्या पिल्लाला तहान लागली असेल म्हणून ड्रॉपरनं चोचीत पाणी सोडलं. त्याला ठसका लागला, नाकपुडीवर फेस आला, आणि दोन तासांत ते संपलं. श्वासनलिकेचं तोंड पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच असतं. पिल्लू स्वतःहून मान हलवत घास गिळत असेल तेव्हाच ते झाकलं जातं. एरवी वरून सोडलेलं पातळ सरळ फुप्फुसात उतरतं. पिल्लाला वेगळं पाणी द्यायचंच नसतं, त्याच्या खाण्यातच पुरेसं पाणी असतं.

तिसऱ्याला पाणी दिलं नाही, पण दूध-पोळी कुस्करून, साखर घालून दिली. दर तासाला. "मले वाटलं भुकेनं मरन लेकरू, म्हून घडीघडी चारलं," सूनबाई म्हणाल्या. दोन दिवस पिल्लू चोच वासून खात होतं, तिसऱ्या दिवशी मलूल झालं, तरी चमचा दिसला की चोच उघडायचं. म्हणून चारणं चालूच राहिलं.

हात लावला तेव्हा पहिली जाणीव झाली ती पायांची. दोन्ही पाय गार आणि फिकट. वय साधारण तीन आठवडे: डोळे उघडलेले, पंखांवर नळीतून हिरवी टोकं बाहेर येत असलेली, पोट आणि मान जवळपास उघडी. गळ्याखाली, छातीच्या वर पक्ष्याला अन्नाची पिशवी असते, दवाखान्यात आम्ही तिला क्रॉप म्हणतो. ती तट्ट फुगलेली होती. बोटानं दाबलं तर भिजलेल्या कणकेसारखी, आणि चोचीला आंबूस वास. कातडी चिमटीत धरली तर सुरकुती लवकर जात नव्हती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. विष्ठा जवळजवळ नाहीच, फक्त पांढरा चुन्यासारखा भाग. वजन 68 ग्रॅम, त्यातही अडकलेलं अन्न धरलेलं.

उजव्या पायाचं एक बोट जांभळं पडून सुजलं होतं. भिंग लावून पाहिलं तर कापसाचा एकच धागा बोटाच्या पेराभोवती तीन-चार वेढे घेऊन मांसात रुतला होता. बारीक कात्रीच्या टोकानं तो एकेक वेढा उचलून कापायला बराच वेळ गेला. यवतमाळसारख्या कापसाच्या मुलखात कोणत्याही इवल्या जिवाला कापसात ठेवणं हे आपसूक घडतं. कोंबडीचं पिल्लू असो की खारीचं, आधी कापूस. पण पोपटाच्या पिल्लाच्या बोटांना पकड असते, ते तंतू ओढतं, गुंडाळून घेतं, कधी गिळतंही. जुन्या सुती लुगड्याचा किंवा टॉवेलचा तुकडा बरा, तोही सुटे धागे कापून. नुसतं वर्तमानपत्र अंथरलं तर पाय घसरून फाकतात आणि तसेच वाढतात. खोकाही बियाण्याचा, म्हणजे औषध लावलेल्या बियाण्याचा होता. फवारणीच्या डब्यांचं आणि मापांचं तर 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, यवतमाळनं जे भोगलं, त्यानंतर वेगळं सांगायला नको. तो खोका बाहेर टाकायला लावला आणि किराण्याचा आणायला सांगितला.

आता या प्रकरणाचं मर्म. या वयाच्या पिल्लाला अंगाची ऊब स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. ढोलीत भावंडं अंगाला अंग लावून असतात, रात्री मादी वर बसते, लाकडाची जाड भिंत असते. बाहेर आलं की हे तिन्ही जातं. अंग गार पडलं की आतड्याची आणि अन्नपिशवीची हालचाल मंदावते, मग थांबते. पिशवीतलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, त्यात बुरशी वाढते. दुधानं भर पडते, कारण दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांत नाही. वरून घातलेली साखर बुरशीला आणखी पोसते. पिल्लू भुकेलं नव्हतं असं नाही, भुकेलंच होतं, कारण पोटात काही उतरतच नव्हतं. पिशवी भरलेली आणि पिल्लू उपाशी. चोच वासणं हा घरच्यांना भुकेचा पुरावा वाटला आणि प्रत्येक घासानं तुंबारा वाढत गेला.

हे सांगितलं तेव्हा सूनबाईंच्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव आजी म्हणतं, त्या म्हणाल्या, "उन्हायात कायची थंडी वो डाक्टर? आमाले पंखा लागते." शंका रास्त आहे. आपल्याला मार्चची रात्र बरी वाटते, गारपिटीनंतर तर सुखद वाटते. पण पिसं पुरती न फुटलेल्या या वयाच्या पिल्लाला 30 ते 32 अंश सेल्सिअसची ऊब रात्रभर लागते. अंड्यातून नुकतं निघालेलं असेल तर 35-36. पिसांनी पूर्ण झाकलं गेलं की मग 25-26 चालतं.

म्हणून उपचाराचा क्रम असा ठेवला. पहिला दीड-दोन तास चोचीत काहीही नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. पाय कोमट लागायला लागले तेव्हा कातडीखाली कोमट सलाईन दिलं. नंतर मऊ नळीनं अन्नपिशवी धुऊन रिकामी केली. निघालं ते पिवळट, फेसाळ, पोळीचे लगदे अजून ओळखू येत होते. बुरशीवरचं औषध सुरू केलं.

पिशवी रिकामी करण्याचं हे काम घरी करायचं नाही, हे मी मुद्दाम बजावतो. गावात कोंबडीची पिशवी तुंबली की पाय धरून उलटी करतात आणि चोळतात. पोपटाच्या पिल्लाला असं केलं तर आंबलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन ते हातातच जाईल.

मग प्रश्न आला पिल्लू ठेवायचं कुठं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. सापडलेल्या प्राण्याची खबर 48 तासांच्या आत वनविभागाला किंवा पोलिसांना देऊन तो त्यांच्या ताब्यात द्यायचा असतो. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. इथे चार दिवस उलटले होते. वनरक्षक आले, पंचनामा झाला, आणि सुदैवानं माणूस समजदार असल्यानं त्यांनी घरच्यांना धाक घातला नाही. धाक घातला की पुढच्या वेळी लोक खबरच देत नाहीत, पिल्लू गुपचूप पिंजऱ्यात जातं नाहीतर उकिरड्यावर. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे पाठवायचं ठरलं. पण गार पडलेलं, पिशवी तुंबलेलं पिल्लू एवढ्या लांबच्या रस्त्यावर तग धरणार नाही. ते सावरेपर्यंत वनविभागाच्या नोंदीनं, माझ्या देखरेखीखाली, सूनबाईंनीच सांभाळावं असं ठरलं. दवाखान्यात रात्री कोणी नसतं, आणि या बाईचा हात हलका होता.

पहिल्याच दिवशी धडधाकट पिल्लू माझ्याकडे आलं असतं तर मी यातलं काहीच केलं नसतं. उरलेल्या खोडावर, सावलीच्या बाजूला लाकडी पेटी किंवा तळाला भोक पाडलेलं मडकं घट्ट बांधून पिल्लू त्यात ठेवायला सांगितलं असतं आणि लांबून संध्याकाळपर्यंत नजर ठेवली असती. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही निव्वळ समजूत आहे. पिल्लाचा आवाज ओळखून जोडी येते, आणि आई-बापांइतकं चांगलं चारणारं कोणी नाही. आजारी पिल्लाबाबत ती वाट बंद झाली होती.

चारण्याचं शिकवणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग. पहिलं खाणं म्हणून फक्त कोमट जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, तीन मिलीलिटर. ते खाली उतरल्याची खात्री झाली तेव्हा पातळ पेज. पिल्लांना हातानं भरवायची तयार पावडर यवतमाळहून एसटीनं यायला वेळ लागणार होता. एरवी मी उकडलेल्या अंड्याचा बलक सांगतो, पण हे माळकरी घर, अंडं उंबऱ्याच्या आत येणार नव्हतं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. चण्याची डाळ रात्रभर भिजवून, पिठूळ शिजवून, लाल भोपळ्याच्या फोडीबरोबर वाटून, बारीक गाळणीतून काढली. मीठ नाही, साखर नाही, दूध नाही. दोन-तीन दिवस निभवायला एवढं पुरतं. महिनाभर यावर वाढवायचं म्हटलं तर हाडं कच्ची राहतील. पावडर आल्याबरोबर डाळ बंद केली.

खाणं किती गरम असावं, यावर पिल्लू जगतं नाहीतर मरतं. 39 ते 41 अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 102 ते 106. याहून गार असेल तर पिल्लू नाकारतं किंवा पिशवी मंदावते. 43 च्या वर गेलं तर पिशवी आतून भाजते, आणि ते लगेच दिसतही नाही. काही दिवसांनी छातीवर खपली धरते, ती पडून भोक पडतं आणि भरवलेलं बाहेर गळतं. बोट बुडवून अंदाज घ्यायचा नाही, चुलीपाशी राबलेल्या बोटाला पंचेचाळीस अंशही कोमटच वाटतात. आम्ही गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंकडून तापाचं डिजिटल थर्मामीटर मागून आणलं. ते माणसाच्या तापासाठी जेवढं मोजतं, नेमकं तेवढंच इथे लागतं. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, तळापासून ढवळायचं, थर्मामीटर बुडवायचं, आकडा बघायचा, मग चमचा उचलायचा. या एका वस्तूनं सूनबाईंचा अर्धा धसका गेला. अंदाजाचं काम आकड्याचं झालं.

चमचा की सिरिंज, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: नवख्यानं चमचा वापरावा. सिरिंजनं काम भराभर होतं, पण दट्ट्या थोडा जास्त दाबला गेला की घास चुकीच्या वाटेनं जातो. छोट्या स्टीलच्या चमच्याच्या दोन्ही कडा पक्कडीनं आत वळवून त्याचं बोंडलं केलं. पिल्लू टॉवेलवर बसवायचं, डाव्या हाताच्या बोटांनी डोक्याला मागून हलका आधार द्यायचा, चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना हळूच स्पर्श करायचा. तेवढ्यानं ते मान वर-खाली जोरानं हलवायला लागतं. तसं हलवत असतानाच भरवायचं, पिल्लाच्या डाव्या बाजूनं, घास उजवीकडे जाईल असं, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगानं उतरते. मान हलायची थांबली की आपला हात थांबला पाहिजे. चोच उघडी आहे म्हणून ओतायचं नाही. शेवटी चोच आणि हनुवटी ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर वाळलेलं खाणं कातडी कुरतडतं. उरलेलं टाकून द्यायचं, पुन्हा गरम करून पिल्लाला द्यायचं नाही.

एका वेळचं प्रमाण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे या पिल्लाला सहा-सात मिलीलिटर. दिवसातून चार-पाच वेळा. पण वेळापत्रकापेक्षा पिशवी खरी. ती जवळजवळ रिकामी झाल्याशिवाय पुढचं खाणं नाही, आणि चोवीस तासांत एकदा, पहाटे, ती पूर्ण सपाट झालेली दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर सकाळचं खाणं थांबवायचं, ऊब तपासायची आणि मला फोन करायचा. रात्री अकरानंतर या वयाला भरवायची गरज नसते. हे सूनबाईंना पटलं, आजींना नाही. "लेकरू रातभर उपाशी?" असं म्हणून त्या एका रात्री डाळ घेऊन उठल्याच होत्या, सुनेनं अडवलं. घरात त्यावरून थोडी कुरबुर झाली म्हणतात.

रोज सकाळी खाण्याआधी वजन. स्वयंपाकघरातला काटा पाच-पाच ग्रॅमनं उडी मारतो, त्याचा उपयोग नाही. गावात सोन्या-चांदीचं किरकोळ काम करणाऱ्यानं काटा वापरू दिला. आधी आकडा 66 वर उतरला, पिशवी रिकामी झाल्यामुळे तो उतरणारच होता. मग 69, 74. तिथून पुढे चढत राहिला.

मध्ये दोनदा घात होता होता राहिला, दोन्ही वेळा कारण ऊबच. एकदा रात्री. घरच्यांनी खोक्यावर बल्ब लावला होता, पण तो एलईडी. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी भारनियमनाला काय करणार? पहाटे पाय पुन्हा गार लागले. नशिबानं सूनबाईंनी आधी पाय चाचपले आणि वाटी बाजूला ठेवली. गरम पाण्याच्या बाटलीनं तासाभरात पिल्लू सावरलं, मग खाणं दिलं. त्यानंतर बाटली रात्री दोनदा बदलायची हे ठरूनच गेलं. वीज असली तरी, नसली तरी.

दुसरी वेळ भर दुपारची. एप्रिलच्या तोंडाशी ऊन कडक झालं. घरावर टिनाचं छप्पर, खोका भिंतीशी, बाटली तशीच आत. पिल्लू चोच उघडून धापा टाकत होतं, पंख अंगापासून लांब धरलेले, मान ताणलेली. आजींना वाटलं भूक लागली, चोच उघडी आहे ना! धापा टाकणाऱ्या पिल्लाला भरवलं असतं तर प्रत्येक श्वासाबरोबर घास फुप्फुसात गेला असता. बाटली काढून खोका माठाशेजारच्या गार कोपऱ्यात हलवला, तेवढंच पुरलं. विदर्भात एकाच चोवीस तासांत पिल्लू गारठूही शकतं आणि भाजूही शकतं, त्यामुळे "खोक्यात बल्ब लावून ठेवा" हा सरधोपट सल्ला मी देत नाही. पिल्लू काय सांगतंय ते बघा: आक्रसून, थरथरत बसलं तर ऊब कमी, लांब पसरून धापा टाकत असेल तर जास्त.

बाहेरचा त्रास वेगळाच होता. आठवडी बाजारात पक्षी विकणाऱ्या कोणीतरी निरोप धाडला, पैसे देतो म्हणून. शेजारची पोरं "मिठू मिठू" करत खोक्याभोवती जमायची. आणि आजींचा हट्ट: "राम राम नाई म्हनत तो कायचा राघू?" त्यांना समजावणं जड गेलं. माणसाच्या आवाजावर आणि चेहऱ्यावर वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजतं, मग मोकळं सोडलं तरी कोणाच्याही अंगणात उतरतं आणि पिंजऱ्यात जातं नाहीतर मांजराच्या तोंडी. भरवताना बोलायचं नाही, एरवी खोक्यावर फडकं. पोरांना लांब ठेवायला आणखी एक कारण होतं. पोपटांपासून माणसाला फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी साबणानं हात धुणं आणि विष्ठेचं फडकं वेगळं धुणं आलंच.

पिसं भरली तसं पिल्लू खोक्याच्या काठावर चढायला लागलं. तेव्हा गव्हाच्या ओंब्या, भिजवलेले चणे, पेरूची फोड असं काहीबाही आत ठेवायला सुरुवात केली. आधी नुसतं चावून टाकायचं. साधारण सहा आठवड्यांचं झालं तेव्हा ते अचानक चमच्याला तोंड फिरवायला लागलं, पंख जोरजोरानं फडफडवू लागलं, आणि वजन 112 वरून 105 वर आलं. सूनबाईंचा फोन, आवाजात रडू. उडायच्या आधी पिल्लं एवढी हलकी होतातच, जड अंगानं उडता येत नाही. जबरदस्तीनं भरवू नका, सकाळ-संध्याकाळ विचारा, घेतलं तर घेतलं, एवढंच सांगितलं.

याच टप्प्यावर ते नागपूरला गेलं. खरं तर दहा-बारा दिवस आधी जायला हवं होतं, पण कधी वाहन नव्हतं, कधी माणूस. वनरक्षक पहाटे चारला निघाले, ऊन चढायच्या आत पोचता यावं म्हणून. भोकं पाडलेला खोका, तळाला टॉवेल, काकडीची एक जाड चकती, पाण्याची वाटी नाही कारण ती सांडते. सोबत एक कागद: वजनांची यादी, औषधं, शेवटचं खाणं किती वाजता, आणि पायाच्या बोटाची नोंद. त्या जांभळ्या बोटाचं नख पुढे गळून पडलं होतं.

केंद्रात ते इतर पोपटांच्या पिल्लांसोबत मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात आहे आणि आता पूर्णपणे स्वतः खातं, एवढं वनरक्षकांकडून कळलं. नख नसलं तरी फांदीवर पकड बसते. सोडायचं की नाही हे केंद्रातले डॉक्टर त्याची उड्डाणं बघून ठरवतील. थर्मामीटर आशाताईंना परत गेलं. चमचा मात्र सूनबाईंनी ठेवून घेतला आहे, वळलेल्या कडांसकट, फडताळात.